सुई नसलेली सिरिंज

वात्स्यायनानं चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, ती मी एकदा बारकाईनं वाचून काढली. (फक्त यादी. उरलेल्या ग्रंथाबद्दल कृपया गैरसमज नसावा.) त्या यादीत मेंढे, कोंबडे आणि लावे झुंजवण्याची कला आहे, पोपट-मैनेला बोलायला शिकवण्याची कला आहे, पण मांजराला औषध पाजण्याची कला मात्र नाही. याचे दोनच अर्थ होऊ शकतात. एक तर वात्स्यायनाच्या घरी मांजर नसावं. किंवा मांजर असावं, आणि कला म्हणजे माणसाला साध्य होणारी गोष्ट, अशी त्या थोर पुरुषाची व्याख्या असावी.

आमच्या घरी मांजर आहे. तिचं नाव ठकी. वय वर्षं चौदा, म्हणजे माणसाच्या हिशेबात सत्तरी ओलांडलेली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तिच्याहून ज्येष्ठ फक्त पाण्याची टाकी आणि सेक्रेटरी. गेल्या पावसाळ्यापासून तिची मूत्रपिंडं थकली आहेत. डॉक्टरांनी दोन पातळ औषधं लिहून दिली आणि सोबत एक प्लॅस्टिकची सिरिंज दिली. तिला सुई नव्हती. "ही टोचायची नाही, तोंडात सोडायची," डॉक्टर म्हणाले. मी "एवढंच ना?" असं म्हणालो. डॉक्टर हसले. ते का हसले हे त्याच संध्याकाळी कळलं.

कृती सांगायला सोपी आहे. मांजराला टॉवेलात असं गुंडाळायचं की फक्त डोकं बाहेर राहील. पुढून तोंड उघडायला जायचं नाही. सुळ्याच्या मागे, गालाच्या बाजूनं, सिरिंजचं टोक आत सरकवायचं. डोकं वर करायचं नाही, कारण मग औषध श्वासनलिकेत उतरून फुप्फुसात जाऊ शकतं आणि भलतंच दुखणं उभं राहतं. थोडं सोडायचं, गिळू द्यायचं, पुन्हा थोडं सोडायचं. घाई करायची नाही. एवढं सगळं नीट केलं की दोन मिलिलिटर औषधाची साधारण वाटणी अशी होते: अर्धा ठकीला, अर्धा टॉवेलाला आणि एक माझ्या शर्टाला. माझ्या शर्टाची मूत्रपिंडं सध्या उत्तम आहेत. अर्थात हा पहिल्या आठवड्याचा हिशेब झाला. आता हात बसला आहे आणि शर्टाचा वाटा बंद झाला आहे.

तळमजल्यावरच्या अण्णांना हा सगळा प्रकार रानटी वाटतो. अण्णांकडे बंड्या नावाचा कुत्रा आहे. बंड्याची गोळी अण्णा पेढ्यात घालून देतात. बंड्या पेढा चावत नाही, त्याचा फक्त स्वीकार करतो. शेपटी हलवतो आणि दुसऱ्या पेढ्याची वाट बघत बसतो. "अहो, प्रेमानं घेतलं की सगळं होतं. तुम्ही त्या मुक्या जिवाला बांधून, तोंडात नळी कोंबून... छे छे!" असं अण्णा जिन्यात, चार माणसं ऐकतील अशा बेतानं म्हणतात.

आता पेढ्याचा प्रयोग आम्ही का करत नाही, याला शास्त्रीय कारण आहे. मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजराच्या जातीत निकामी झालेलं आहे, असं २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. कुत्र्याला पेढा म्हणजे पेढा असतो. मांजराला तो नुसता खवा. आणि खव्यात काहीतरी लपवलंय हे ओळखण्याइतकी अक्कल देवानं तिला, साखर काढून घेतल्याची भरपाई म्हणून, भरपूर दिली आहे.

पण जिन्यातल्या वादाचं मूळ शास्त्रात नाही, नीतीत आहे. ज्याच्या भल्यासाठी आपण काही करतो, त्याला ते नको असेल, तर जबरदस्ती करावी की फसवावं?

"फसवणूक कसली? बंड्या खूश, मी खूश. यात कोणाचं नुकसान झालं?" हा अण्णांचा सवाल.

मी म्हटलं, "अण्णा, नरो वा कुंजरो वा! धर्मराजाचा रथ तोपर्यंत जमिनीच्या चार बोटं वर चालायचा. तो एका वाक्यासरशी खाली आला."

"पण तोच धर्मराज पुढे कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला तयार नव्हता ना?" अण्णा बँकेतून निवृत्त झाले आहेत. जमेची बाजू ते कधीच विसरत नाहीत. "त्या कुत्र्याला हिमालयात गोळी द्यायची वेळ आली असती, तर धर्मराजानं काय केलं असतं? पेढाच शोधला असता!"

अण्णांच्या या पेढेवादाला पुढे एक तडा गेला. एका पेढ्यात गोळी वरच राहिली आणि बंड्याच्या दाताखाली फुटली. त्यानंतर तीन दिवस त्यानं पेढाच काय, पोळीसुद्धा आधी जमिनीवर ठेवून, उलटसुलट हुंगून मगच खाल्ली. अण्णांच्या हातून आलेल्या प्रत्येक घासाकडे तो, नोकरीतले अण्णा खाडाखोड केलेल्या चेककडे बघत असतील, तसा बघू लागला. मला मनातून आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. कारण अण्णा म्हणाले, "बंड्या निदान तीन दिवसांनी विसरला. तुमची ठकी मात्र रोज संध्याकाळी सात वाजता पलंगाखाली जाते. तिला घड्याळ कळतं का हो?"

तिला घड्याळ कळतं. अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. फसवणुकीनं घासावरचा विश्वास जातो आणि जबरदस्तीनं हातावरचा.

तसं पाहिलं तर सिरिंज आणि कुत्र्या-मांजरांचं नातं फार जुनं आहे. लंडनचं सेंट पॉलचं चर्च बांधणारा क्रिस्टोफर रेन तरुणपणी ऑक्सफर्डला असले उद्योग करत असे. १६५६ साली त्यानं पिसाची पोकळ नळी आणि जनावराचं मूत्राशय एकमेकांना जोडलं आणि त्यातून एका कुत्र्याच्या शिरेत अफू सोडली. कुत्रा गुंगला. त्याला कायमची झोप लागू नये म्हणून फटके मारमारून बागेत पळवावं लागलं. तो वाचला, चांगला गुटगुटीत झाला आणि इतका प्रसिद्ध झाला की शेवटी चोरीला गेला. हे सगळं रॉबर्ट बॉइलनं लिहून ठेवलं आहे. त्या कुत्र्याचं मत मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. पुढे बरोबर तीनशे वर्षांनी, १९५६ साली, प्लॅस्टिकची वापरून फेकून द्यायची सिरिंज काढली ती न्यूझीलंडच्या कॉलिन मरडॉकनं. तो औषधविक्रेता होता आणि जनावरांचा डॉक्टरही. जंगली जनावरांना लांबूनच गुंगीचं औषध टोचणारी बंदूक हीसुद्धा त्याचीच करामत.

त्या बंदुकीचं महत्त्व मुंबईकराला, त्यातून मुलुंडकराला, समजावून सांगायला नको. जानेवारी २०१८ मध्ये आमच्या मुलुंड पूर्वेला, नाणेपाड्यात, बिबट्या शिरला. त्यानं काही जणांना जखमी केलं. मग वनखात्याच्या लोकांनी त्याला औषध टोचून गुंगवलं आणि पिंजऱ्यातून नेलं. त्या दिवशी बिबट्याच्या संमतीचा प्रश्न अण्णांनीसुद्धा काढला नाही. त्याला पेढा द्यावा, असंही ते म्हणाले नाहीत. धोका समोर दिसत असला की नीतिशास्त्र चटकन सुटतं. ते अडतं ते आपल्याच घरातल्या, मांडीवर बसणाऱ्या जिवापाशी.

आणि हा जीव चार पायांचाच असतो असं नाही. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला रविवारचं एरंडेल आठवत असेल. एकानं हात धरायचे, दुसऱ्यानं नाक दाबायचं आणि आईनं चमचा उपडा करायचा. त्याआधी आपण बोंडल्यातून वेखंडाची गुटीही प्यालेलो असतो. आपली संमती कोणी विचारली होती? कोणी नाही. पण त्या वेळी कोणी आपल्याला "हे सरबत आहे" असंही सांगितलं नव्हतं. एरंडेल हे एरंडेल म्हणूनच पोटात गेलं. त्यामुळे आईच्या हातच्या सरबतावर आपला कधी संशय बसला नाही.

डोंबिवलीला माझी एक आत्या आहे. वय शहाऐंशी. रक्तदाबाची गोळी घ्यायला ती कुरकुर करते, म्हणून तिच्या सुनेनं एकदा ती कुटून शिऱ्यात घातली. आत्यानं पहिल्याच घासाला बशी बाजूला सारली आणि म्हणाली, "मी काय कुत्रं आहे? गोळी द्यायची तर गोळी म्हणून द्या. मी नको म्हणेन, तुम्ही रागवा, मग मी घेईन. पण शिरा नासवू नका. या वयात आता शिराच राहिलाय."

ते ऐकल्यापासून जिन्यातल्या वादात माझी बाजू बळकट झाली असं मला वाटतं. ठकीला मी सिरिंज दाखवतो. ती दात दाखवते. आमच्यात लपवाछपवी नसते. तिच्या बशीत फक्त मासे असतात, आणि ते तिला पक्कं ठाऊक असतं.

मधला एक मार्गही आहे, तो डॉक्टरांनीच सांगितला. मीठ-मसाला-कांदा काही न घालता माशाचं पाणी उकळायचं आणि ते सिरिंजमध्ये भरून अधूनमधून नुसतंच चाटवायचं, म्हणजे सिरिंज हा शत्रू आहे ही समजूत हळूहळू जाते. आम्ही करून पाहिलं. उपाय चांगला आहे. ठकी आता सिरिंज बघून पळत नाही. आधी थांबते, टोक हुंगते आणि औषध असेल तरच पळते. ही प्रगतीच म्हटली पाहिजे. निदान निर्णय आता तिच्या विचारार्थ ठेवला जातो.

या प्रश्नाचं दुसरं टोक मात्र असं हसण्यावारी नेता येत नाही. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टरकडून त्याला इंजेक्शन देववलं आणि त्याचे हाल संपवले. अहिंसेच्या पुजाऱ्यानं वासरू मारलं म्हणून देशभर गदारोळ झाला. पत्रांचा पाऊस पडला. गांधीजी आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत. आणि १९४४ साली पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या दुखण्यात असताना देवदासनं पेनिसिलिन मिळवलं. ते पुन्हा पुन्हा टोचावं लागणार हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला थांबवलं. एका सुईला त्यांनी हो म्हटलं, दुसरीला नाही. दोन्ही वेळा लोकांना ते पटलं नाही. कोण बरोबर हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण एवढं दिसतं की दोन्ही वेळा त्यांनी, हे औषध कोणासाठी, असा प्रश्न स्वतःला विचारला असावा. रोग्यासाठी, की रोगी जाऊ नये असं वाटणाऱ्यांसाठी?

हा प्रश्न आम्हीही डॉक्टरांना विचारला. ठकीची मूत्रपिंडं पुन्हा नवी होणार नाहीत, औषधानं फक्त दिवस बरे जातील, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. "मग थांबायचं कधी?" हिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तिला आवडणाऱ्या चार गोष्टी लिहून ठेवा. त्या ती करते का, ते रोज बघा."

आम्ही यादी केली. माशाच्या पिशवीचा आवाज आला की स्वयंपाकघरात हजर होणं. सकाळच्या उन्हात गॅलरीत पडणं. वर्तमानपत्र मी उघडलं की नेमकं त्यावर बसणं. चौथी गोष्ट आम्हाला पटकन सुचेना. मग हीच म्हणाली, "औषध बघून पळणं, हे लिहा."

"ते काय तिच्या आवडीचं आहे?"

"पळते तोवर तिला स्वतःचं मत आहे. ज्या दिवशी नुसती पडून राहील आणि आपण म्हणू ते पिऊन घेईल, त्या दिवशी सिरिंज ठेवून द्यायची."

मी ती चौथी ओळ लिहिली. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता हातात टॉवेल घेऊन पलंगाखाली वाकताना माझा पूर्वीसारखा संताप होत नाही. ती आतल्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, माझ्यावर फिसकारत असते. मी खालूनच ओरडून हिला सांगतो, "आहे गं, पळाली!"