कवळीचा सांगाडा आणि देहाची हद्द

काही दात पडले आणि काही शाबूत असले, की काढता-घालता येणारी अर्धी कवळी बसवतात. तिला आधार देणारा सांगाडा कोणत्या धातूचा असावा, हे दंतवैद्य ताठपणा, वजन आणि किंमत पाहून ठरवतो. आचारधर्माचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: तोंडातला हा धातू देहात मोजायचा की भांड्यात? देहात मोजला तर चूळ भरणे पुरे. भांड्यात मोजला तर धातुशुद्धीचे नियम लागू होतात.

गौतम धर्मसूत्रात यासारखा एक निर्णय आहे. दाताला चिकटलेला अन्नकण त्यात दातासारखाच मानला आहे. जीभ लागली की ही सवलत संपते. काहींच्या मते मात्र कण सुटून पडेपर्यंत ती टिकते. या दुसऱ्या मताने तोंडातली कवळी दात ठरते आणि वाटीत काढून ठेवलेली कवळी उष्टे भांडे. पंढरपूरला असा काथ्याकूट नवा नाही. ‘धर्मसिंधु’ या आचारग्रंथाचे कर्ते काशिनाथ उपाध्ये याच गावचे, आणि त्यांचा ग्रंथ 1790 चा.

तिथल्या विठ्ठलमूर्तीबाबत तर चिकटले ते देहाचेच, हा न्याय न बोलताच पाळला जातो. अभिषेकांनी आणि स्पर्शाने झिजलेल्या मूर्तीला जून 2020 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा रासायनिक लेप, केला. चरणांवर डोके ठेवणारा वारकरी आपण रसायनाला शिवलो असे मानत नाही. लेपाकडून अपेक्षा एवढीच, की खालच्या दगडाला त्याने इजा करू नये.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय हद्दच पुढे सरकवतो. तिथे सबंध देह हे क्षेत्र आणि त्याला जाणणारा वेगळा. मग जन्माचा दात आणि ओतलेला धातू दोन्ही क्षेत्रातच पडतात. त्यांत सोवळे-ओवळे शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही. उरतो तो वज्रलेपाचाच निकष: शिल्लक दातांचे काय होते?

इथे सोने मागे पडते. मनुस्मृतीत निर्लेप सोने नुसत्या पाण्याने शुद्ध होते, म्हणून मनाचा ओढा तिकडे. पण सोन्याचा मिश्रधातू जड, आणि ताठपणात कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या निम्म्याच्या आसपास. टाळूवरून जाणारी पट्टी वाकली की चावण्याचा भार नीट वाटला जात नाही आणि आधाराचे दात हलू लागतात. कोबाल्ट-क्रोमची पट्टी पातळ असूनही ताठ राहते, म्हणून बहुतेकांना तोच योग्य. त्याचे क्लॅस्प, म्हणजे आधाराच्या दातांना धरणारे आकडे, मात्र कमी लवचीक असतात, ते दाताच्या खोबणीत फार खोल उतरवता येत नाहीत. टायटॅनियम हलके, शरीराला सोसणारे; पण त्याचाही ताठपणा निम्माच, शिवाय वितळताना ते हवेशी झपाट्याने संयोग पावत असल्याने ओतकाम अवघड आणि महाग. कोबाल्टची ॲलर्जी असेल तर तो खर्च सार्थ ठरतो. निकेलयुक्त मिश्रधातू निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी टाळावा. लोखंडासाठी मनूने राख आणि आंबट पदार्थ सांगितले. कोबाल्ट-क्रोमला मऊ ब्रश आणि साबण पुरतो. ब्लीचने त्याला खड्डे पडतात, मग शुद्धीचा हेतू कितीही चांगला असो.

मृत्यूनंतर हद्दीचा प्रश्न पुन्हा येतो. कोबाल्ट-क्रोम वितळायला तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. चितेत तो सहसा वितळत नाही, राखेत राहतो आणि अस्थींबरोबर पंढरपूरच्या चंद्रभागा नदीत जाऊ शकतो. काढता येणारी वस्तू अग्नी देण्यापूर्वी काढून घ्यावी, हे गौतमाच्या न्यायालाही धरून आहे आणि नदीच्याही हिताचे.