नसलेली दोरी

भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावरून गोदामांकडे वळणारे कंटेनर आपल्यासाठी थांबणार नाहीत. त्यांना जाऊ द्या. कुठेही बसा, पाठ सैल सोडा, हॉर्न कानावर पडू देत.

उजवा हात मांडीवर ठेवा. मनगटाला वरून दोरी बांधली आहे असं समजा. कुणीतरी ती ओढतंय. आधी मनगट उचललं जातं, तळवा लोंबतो, बोटं सगळ्यात शेवटी. सावकाश. कोपर काटकोनात आलं की तिथेच राहू द्या.

अशाच नसलेल्या दोरीची एक गोष्ट आहे. खाडीपलीकडे, मुंबईत, १९५२ साली नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप उभा केला. त्याआधी ते अल्मोड्याला नर्तक उदय शंकरांच्या केंद्रात होते, मग इप्टा या नाट्यसंघटनेच्या पथकासाठी त्यांनी नृत्यनाट्यं बसवली. त्यांच्या ‘रामायणा’त राम, सीता, रावण सगळेच कळसूत्री बाहुल्या: चेहऱ्यावर मुखवटा, हालचाली ताठ, कोनाकोनांतल्या. पिंगुळीचे ठाकर बाहुल्या खेळवतात तेव्हा दोऱ्या असतात. इथे दोरीच नव्हती. ती बघणाऱ्याने मनात धरायची.

आता श्वासाकडे लक्ष द्या. बाहुलीला दम लागत नाही, नाचणाऱ्याला लागतो, आणि तो दिसता कामा नये. श्वास रोखू नका. फक्त त्याच्याबरोबर खांदा वर जातोय का, तेवढं बघा. जातोच. बर्धन यांना क्षय होता. ज्याला स्वतःचा श्वास पुरवून वापरावा लागत होता, त्याने दम न लागणारी पात्रं रंगमंचावर आणली. मला तर त्या ‘रामायणा’तली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

१९५४ साली ते गेले. इथे थोडं थांबा, हात तसाच अधांतरी राहू द्या. ओढणारा नाही, तरी हात खाली पडलेला नाही.

ट्रूपही पडला नाही. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी तो चालवला, ‘पंचतंत्र’ रंगमंचावर आणलं. १९६४ मध्ये बिऱ्हाड ग्वाल्हेरला गेलं, पुढे भोपाळला. मुंबईला तो ठेवून घेता आला नाही, आणि त्याची फारशी हळहळही कुणाला वाटली नसावी. गुलताई २०१० मध्ये वारल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. एवढी वर्षं दोरी कुणाच्या हातात होती, याचं उत्तर लगेच देऊ नका.

हात उतरवा. आधी बोटं टेकतील, मग तळवा, मनगट शेवटी. मुंग्या आल्या असतील तर चोळा. मग हेच सगळं डाव्या हाताने करा. तो जरा कमी ऐकतो.