उणी पात्रता आणि खरा अर्ज



एका तरुणानें आम्हांस नोकरीची जाहिरात दाखवून म्हटलें, "पांच अटींपैकीं चारच माझ्याजवळ आहेत, अर्ज करणें गर्वाचें होईल." हा गर्व टाळणें आहे कीं भीति, हें त्यानें आपल्या मनास विचारावें.

मोशेनें आपली जीभ जड असल्याची सबब सांगितली. देवानें त्याची उणीव नाकारिली नाहीं. सोबतीस अहरोन दिला. विल्यम केरी तरुणपणीं जोडे शिवीत. महाविद्यालयांत ते कधीं शिकले नव्हते. १८०१ सालीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली शिकविण्यास त्यांस बोलावणें आलें, तेव्हां ते कचरले. तरी सहकाऱ्यांचा सल्ला घेऊन त्यांनीं तें काम पत्करिलें. पुढें तेथें ते मराठीही शिकवूं लागले. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण व १८१० सालीं कोश प्रसिद्ध केला.

मग आम्हीं काय करावें? जी परीक्षा उतरलों नाहीं ती उतरलों असें लिहूं नये. ती खोटी साक्ष होय. औषध देण्यासारख्या कामीं, जेथें आमच्या अज्ञानानें दुसऱ्याचा जीव जाईल, तेथें आधीं शिकावें. परंतु जें येतें तें लपवूंही नये. रुमालांत बांधून ठेविलेल्या मोहरेचा हिशेब धनी मागतोच.

यास्तव उणीव स्पष्ट लिहा, येतें तें लिहा, शिकण्याची तयारी लिहा. नकार आला तर त्यांत लाज नाहीं. निवड करणें हें नेमणाऱ्याचें काम. आपणच आपणांस आधीं कां नाकारावें?