सात पिंपळपानांची जाडी

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात चोरीचा आळ आलेल्या माणसाला तापलेली कुऱ्हाड हातात धरायला लावतात. तो खरा असेल तर हात भाजत नाही, त्याची सुटका होते. याज्ञवल्क्यस्मृतीत याच श्रद्धेला ‘दिव्य’ या रीतसर न्यायप्रक्रियेचे रूप आले. आधी तळहातांवर भात चोळून जुने व्रण टिपून ठेवायचे. मग पिंपळाची ७ पाने हातावर दोऱ्याने बांधायची, त्यांवर ५० पले वजनाचा लालबुंद लोखंडी गोळा ठेवायचा आणि आरोपीने ७ मंडले सावकाश चालायची. मंडल १६ अंगुळांचे, मधले अंतरही तेवढेच. सारी वाट चारेक मीटरची.

सत्याने उष्णता अडते का?

हा प्रश्न दर्शनकारांनाही वेगळ्या वाटेने भेटला होता. विशिष्ट मणी जवळ असला की अग्नी जाळत नाही आणि दूर केला की पुन्हा जाळतो, हे मीमांसकांचे आवडते उदाहरण. यावरून ते म्हणत, अग्नीत दाहशक्ती म्हणून काही निराळे आहे. मणी तिला रोखतो. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हे नाकारले. अग्नी हवा तसा प्रतिबंधकाचा अभावही हवा. दोन्ही असले की दाह होतो, वेगळी शक्ती मानायचे कारण नाही.

नैयायिकांची ही दृष्टी गोळ्याच्या दिव्य-परीक्षेला लावली की पाहणाऱ्याची नजर आरोपीच्या चेहऱ्यावरून पानांकडे वळते. उष्णता किती लवकर आत शिरेल, हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. पदार्थ ती किती सहज वाहून नेतो, स्वतः तापायला त्याला किती उष्णता लागते आणि थर किती जाड आहे, यावरही ते अवलंबून असते. फूरिएने १८२२ साली याचे गणित ग्रंथरूपाने मांडले. त्यानुसार थराची जाडी दुप्पट झाली की उष्णतेला पलीकडे पोहोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. पाने ताजी असतील तर त्यांतल्या पाण्याची आधी वाफ व्हावी लागते, आणि एका ग्रॅममागे त्यात सुमारे ५४० कॅलरी खर्ची पडतात. पानांमध्ये अडकलेली हवा तर फारच मंद वाहक.

श्रद्धावान म्हणेल, पानांमुळे परीक्षा फक्त सोसण्याजोगी होते. निवाडा देवच करतो. हे म्हणणे मनापासूनचे आहे, म्हणून त्याचा विचारही नीट करायला हवा. पण सत्य हाच प्रतिबंधक असता तर पानांची गरजच नव्हती. आणि पाने आहेत म्हटल्यावर ती ताजी की सुकलेली, पावले भरभर पडली की अडखळत, तळवा नांगर धरून घट्टा पडलेला की मऊ, यावरच निर्दोष माणसाचे भवितव्य लोंबकळत राहते. अशा किती निर्दोषांचे हात पोळले असतील!

पुढे मराठेशाहीतही वतनाच्या तंट्यांत रवा-दिव्य होत असे. त्यात उकळत्या तेल-तुपातून हाताने धातूचा तुकडा काढायचा. इथे पाने नव्हती. तापलेला द्रव थेट कातडीला भिडे. नंतर हातावर पिशवी बांधून मोहर करत आणि ठरल्या दिवशी ती पंचांसमोर उघडत. ज्याच्या हाताला फोड दिसे त्याचा दावा खोटा ठरे आणि वतनावरचा त्याच्या मुलाबाळांचा हक्कही जाई.