असत्याची उधारी

युद्धकाळांत सरकारनें लोकमत घडवावें कीं नाहीं, हा वाद आतां व्यर्थ आहे. सर्वच सरकारें तें करितात. खरा प्रश्न निराळा आहे. कार्य न्याय्य असेल, तर त्याच्या सिद्धीसाठीं आपल्याच प्रजेशीं असत्य बोलण्याचा अधिकार राज्यकर्त्यांस पोंचतो काय?

१९१४ च्या ऑगस्टांत जर्मन सैन्य बेल्जममध्यें शिरलें. लूव्हेन येथील विद्यापीठाचें ग्रंथालय त्यानें जाळलें व हजारों निःशस्त्र नागरिक ठार केले. पुढील संशोधनानें हें निर्विवाद ठरलें आहे. कोणाही सहृदय मनुष्याचें मन पेटण्यास एवढें सत्य पुरेसें होतें. तथापि ब्रिटिश सरकारचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. मे १९१५ मध्यें लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो सुमारें १२०० जबान्यांवर आधारलेला होता; परंतु त्या शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, आणि ऐकीव व अतिरंजित मजकूर त्यांत बराच मिसळला होता. ब्राइससारख्या विद्वानाचें नांव पाहून वाचकांनीं तो सबंध खरा मानला. एप्रिल १९१७ मध्यें तर जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांच्या प्रेतांची चरबी काढतात, अशी वार्ता लंडनच्या पत्रांत झळकली. सरकारनें ती खोडून काढली नाहीं. अखेर डिसेंबर १९२५ मध्यें परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं पार्लमेंटांत जर्मनीचा इन्कार सरकारतर्फे मान्य केला.

तोंवर युद्ध जिंकून झालें होतें. मग हानि ती कोणाची? १९४२ सालीं नाझींनीं ज्यू लोकांचा संहार आरंभिल्याच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां अनेक शहाण्या माणसांस मागील युद्धांतील प्रेतांची कथा आठवली, आणि त्यांनीं अविश्वासानें मान हलविली. या खेपेस बातमी खरी होती.

संकटसमयीं लोकांस धीर द्यावा लागतो, त्यांचा उत्साह वाढवावा लागतो, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु लोकांचा विश्वास ही कोणत्याही मंत्रिमंडळाची खासगी मिळकत नव्हे. ती पुढील पिढ्यांची ठेव आहे. अर्धसत्य बोलल्यामुळें धर्मराजाचा रथ भूमीस टेकला खरा, पण तो दंड त्याचा त्यालाच भोगावा लागला. येथें असत्य बोलले एक, आणि खरी हकीकत सांगूनही अविश्वास पदरीं आला तो भलत्याच निरपराध्यांच्या.

शत्रूच्या वार्तेचा संशय कोणासही येतो. आपल्या पक्षाकडून आलेली, आपल्या मनास रुचणारी वार्ताही तितक्याच कसोशीनें पारखून घ्यावी, एवढेंच सुज्ञ वाचकांस आमचें सांगणें आहे.