ओळखीचा माणूस

फुकट राबायला आलेल्या माणसाची चौकशी करायची म्हटलं की आपल्या धाराशिवकडे जीभ अडखळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्यात कुठकुठून माणसं धावून आली. त्यांच्या हातचं खाल्लेल्या पिढीला मदतकर्त्याकडे कागद मागणं उद्धटपणाचं वाटतं. पण ती माणसं चारचौघांच्या देखत राबत होती. फोनमध्ये ते चारचौघे नसतात.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (धाराशिवचं नाव तेव्हा तेच होतं) ९३ वं साहित्य संमेलन भरलं आणि मार्चमध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागलं. मुलांचं लिहिणं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. आमचाही गट उभा राहिला. मुलं कविता टाकायची. कॉलेजातली पोरं, निवृत्त गुरुजी सुधारून द्यायचे. गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि खेड्यात तो बहुधा आईचा असतो. ती रानातून आली की फोन पोरांच्या हाती. सातवीतल्या एका मुलीच्या आईनं विचारलं, "सर, रातच्याला साडेदहाला कविता नीट करत्यात व्हय?" एका स्वयंसेवकानं मुलीला वेगळा मेसेज धाडला होता : 'छान लिहितेस. पुढची कविता गटावर टाकू नकोस, आधी मला पाठव.' गुन्हा म्हणावं असं त्यात अक्षरही नव्हतं. तरी त्याच दिवशी त्याला कामातून काढलं. त्याला आणणारे गृहस्थ चिडले, "अहो, माझ्या ओळखीतला आहे!"

पण पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीतलेच असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. २०२० च्या पॉक्सो नियमांनी मुलांच्या संस्थांना पोलीस पडताळणी सक्तीची केली, मात्र ती कर्मचाऱ्यांची. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर सरकारनं शाळांना पुन्हा बजावलं. आमच्यासारखे बिनपगारी, बिननोंदणीचे गट यात कुठंच बसत नाहीत. शिवाय पोलिसांचा दाखला पूर्वी नोंदलेलंच सांगणार, मनातलं नाही. दाखला घ्यावाच, आधी जिथं काम केलं तिथं फोनही करावा. पण माझी भिस्त रिवाजावर आहे. मुलाशी कुणीही एकट्यानं बोलायचं नाही, सुधारणा सगळ्यांसमोर, आणि दिवेलागणीनंतर गट बंद.

चांगल्या माणसाला अशा नियमांचा त्रास होत नाही म्हणतात. होतो. आयुष्यभर पोरं शिकवलेले आमचे एक गुरुजी दुखावले आणि यायचेच थांबले. वाईट वाटलं, नियम तरी सैल केला नाही.

असे गट आता गावोगावी आहेत. ते चालवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : मुलाबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तो मुलांनाही पाठ करून द्या.