ओढ्याची राखण कोणीं करावी?

गेल्या महिन्यांत आमच्या एका उपदेशक बंधूंचें पत्र आलें. त्यांच्या गांवचे शाळेचे गुरुजी, पांच स्त्रिया व कांहीं मोठीं मुलें मिळून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं ओढ्याचें पाणी तपासतात, व जें दिसेल तें एका वहींत लिहून ठेवितात. त्यांस कोणी वेतन देत नाहीं; हुकूमहि कोणाचा नाहीं. वर्षभर हें काम सुरळीत चाललें व पुष्कळांनीं त्यांचें कौतुकहि केलें. परंतु पावसाळा सरल्यावर लागोपाठ दोन वेळां असें दिसून आलें कीं, आपल्या मंडळीच्या वस्तीच्या खालच्या अंगास पाणी बिघडलें आहे. तेव्हां वस्तींतील वडील माणसें म्हणूं लागलीं, "हें वहींत लिहूं नका. आधींच लोक आपणांस नांवें ठेवितात. त्यांच्या हातीं हें कोलीत कशास द्यावें?" उपदेशक बंधु विचारितात कीं, लिहावें कीं न लिहावें? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही खासगी पत्रानें न देतां येथें देत आहों. कारण ओढा बहुतेक प्रत्येक गांवास आहे, आणि वडील माणसेंहि आहेत.

प्रथम हें तपासणें म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. हें डॉक्टरांचें व प्रयोगशाळेचें काम, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. ओढ्याच्या उथळ व खळखळत्या जागीं जाळी उभी धरावी, तिच्या वरच्या अंगास पायानें दगडगोटे ढवळावे, म्हणजे दगडांच्या पोटीं राहणारे बारीक जीव प्रवाहाबरोबर जाळींत येतात. ते ताटांत पाण्यासह ओतून मोजावे. ज्यांच्या शेपटीस दोन किंवा तीन लांब केस असतात असे सहा पायांचे किडे, आणि वाळूच्या कणांचें किंवा काटक्यांचें घर अंगाभोंवतीं बांधून राहणाऱ्या अळ्या, ह्यांस बहुधा प्राणवायु भरपूर असलेलें स्वच्छ पाणी लागतें. पाणी नासलें कीं प्रथम हे नाहींसे होतात. मागें उरतात त्या तांबड्या अळ्या, जळवा व गाळांतील किडे. त्या अळ्यांच्या अंगांत आपल्या रक्तांतल्यासारखेंच तांबडें द्रव्य असतें, व त्याच्या बळावर त्या कुजक्या पाण्यांतहि तग धरितात. बाटलींत भरलेलें पाणी त्या घटकेपुरतीच हकीकत सांगतें. हे जीव मात्र गेल्या कित्येक आठवड्यांची साक्ष देतात, कारण रात्रीच्या अंधारांत कोणी घाण सोडली तेव्हांहि ते तेथेंच होते.

पिण्याच्या पाण्याची परीक्षा निराळी. १९८२ सालीं ग्वाल्हेर येथील शास्त्रज्ञांनीं एक सोपी युक्ति प्रसिद्ध केली. औषध लावलेला कागद ठेवलेल्या बाटलींत पाणी भरून ती उबेस ठेवावी. पाण्यांत विष्ठेंतून आलेले जंतु असल्यास बहुधा एका दिवसांत तें पाणी काळें होतें. अशा बाटल्या आतां खेड्यापाड्यांत पुष्कळ ठिकाणीं पोहोंचल्या आहेत. बाटली काळी पडते, पण कोणाचें नांव सांगत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडेल.

अशा रीतीनें ओढ्यांवर नजर ठेवण्याचा प्रघात दुसऱ्या देशांत सामान्य लोकांनींच पाडला. अमेरिकेंत गळ टाकून मासे धरणाऱ्या छंदी लोकांनीं १९२२ सालीं आयझॅक वॉल्टन लीग नांवाचें मंडळ काढिलें, आणि त्याच्या विद्यमानें १९६९ सालापासून ओढे तपासण्याचें काम चाललें आहे. इंग्लंदांतहि असेच मासे धरणारे लोक दर महिन्यास नदींतील किडे मोजतात. प्रत्येक जागेसाठीं एक आंकडा ठरलेला असतो. मोजणी त्याच्या खालीं गेली कीं सरकारी खात्यास कळवावयाचें, एवढाच त्यांचा अधिकार. जुलै २०१३ मध्यें केनेट नदीवर मार्लबरो गांवाच्या खालीं जाळींत जिवंत किडे जवळजवळ आलेच नाहींत. शोध केल्यावर कळलें कीं, क्लोरपायरिफॉस नांवाचें कीटकनाशक गांवाच्या सांडपाण्यांतून नदींत उतरलें होतें, व त्यानें सुमारें १५ किलोमीटरपर्यंत नदींतील किड्यांचा संहार केला होता. पाणी दिसावयास नितळच होतें. हें औषध आमच्या शेतकरी वाचकांस अपरिचित नाहीं. फवारणी झाल्यावर पंप कोठें धुतात, हें आम्हीं विचारण्याची गरज आहे काय? पंप धुणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्यास घरीं जाण्याची घाई असते, आणि पाणी तर वाहतेंच आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणतील, हें सरकारचें काम आहे. आहेच. आपल्या महाराष्ट्रांत पिण्याच्या पाण्याच्या जागांची पाहणी वर्षांतून दोन वेळां करून ग्रामपंचायतीस लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड देण्याची रीत आहे. आणि २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनांत प्रत्येक गांवीं पांच स्त्रियांस पाणी तपासण्यास शिकवावें असें ठरलें. परंतु पाहणी वर्षांतून दोन दिवस होते, ओढा तीनशें पासष्ट दिवस वाहतो. शिवाय ज्या ओढ्यावर नळयोजना नाहीं त्यास लाल कार्ड तरी कोण देणार? हा आक्षेप आम्हांस फारसा जड वाटत नाहीं.

वडील माणसांचा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो हंसण्यावारी नेणाऱ्यास आपल्या लोकांचा इतिहास ठाऊक नाहीं असें आम्ही म्हणूं. ओढ्यावर कोणीं कोठें घागर बुडवावी ह्याचा क्रम आमच्या आज्यापणज्यांस पाठ होता. वरच्या अंगास एकांनीं भरावें, त्याखालीं दुसऱ्यांनीं, आणि सर्वांच्या आंघोळी, धुणीं व गुरें झाल्यावर जें खालीं येईल तें ज्यांचा विटाळ मानीत त्यांनीं प्यावें. जोतीराव फुले ह्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद त्या लोकांस मोकळा केला, हें केवढें धाडस मानलें गेलें! २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां तळें बाटलें म्हणून शेणगोमूत्राच्या १०८ घागरींनीं त्याची शुद्धि करण्यांत आली. तळ्यावरील हक्काचा निकाल मुंबईच्या हायकोर्टानें १९३७ सालीं दिला. ज्या वडिलांनीं ह्या गोष्टी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकिल्या आहेत, त्यांस "तुमच्या वस्तीखालीं पाणी घाण आहे" हें वाक्य कसें लागेल, ह्याचा विचार गुरुजींनीं केला पाहिजे.

परंतु त्या १०८ घागरींचाच थोडा विचार करावा. शेण व गोमूत्र ज्यांत ओतलें तें पाणी शुद्ध ठरलें, आणि तहानलेल्या मनुष्याची ओंजळ ज्यास लागली तें अशुद्ध ठरलें. पाण्यांत काय आहे, हें कोणीं पाहिलेंच नाहीं. विटाळ विचारतो, कोणीं शिवलें? तपासणी विचारते, पाण्यांत काय आहे? हे दोन प्रश्न एक नव्हेत; ते एकमेकांचे वैरी आहेत. ग्वाल्हेरच्या बाटलीस जात कळत नाहीं. ती पाटलाच्या वाड्याखालीं काळी पडेल आणि वस्तीखालीं पांढरी राहील, किंवा उलटहि होईल. वडिलांची भीति अशी आहे कीं, लोक घाणीची नोंद वाचून तिचा अर्थ विटाळ असा करितील. ही भीति खोटी नाहीं. पण नोंद लपविली तर लोकांजवळ जुनी विटाळाची भाषाच उरते, आणि तिला उत्तर द्यावयास आपल्याजवळ कांहीं उरत नाहीं.

आणखी एक गोष्ट पत्र वाचितांना आमच्या मनांत आली. पत्रांत ओढ्याच्या वरच्या लोकांविषयीं पुष्कळ आहे, खालच्या लोकांविषयीं एक ओळहि नाहीं. दिवाळीनंतर ऊंसतोडीच्या टोळ्या येतात व ओढ्याकांठीं कोप्या घालितात. तीं माणसें परमुलखाचीं. गांवच्या मतदारांच्या यादींत त्यांचें नांव नाहीं. त्यांचें लेंकरूं हगवणीनें आजारी पडलें तर गांवास कळतहि नाहीं, कारण तोंवर टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. तीं कोणतें पाणी भरितात? आपल्या वस्तीखालचें. म्हणजे ज्या जागीं आमचे पणजोबा उभे होते, तेथें आज दुसरें कोणी उभें आहे, आणि त्याच्या वरच्या अंगास आपण आहों. हें लिहितांना आम्हांस संतोष होत नाहीं.

लिहिण्याच्या कामांत आपलें मत मध्यें येतें तेव्हां काय करावें, ह्याविषयीं एका पाळकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८५४ च्या आगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडन शहराच्या सोहो भागांत पटकीची भयंकर साथ आली, व तींत सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. डॉ. जॉन स्नो ह्यांनीं ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यास दोष दिला, आणि ८ सप्टेंबरास त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. त्या भागांतील सहायक पाळक हेन्री व्हाइटहेड हे ऐन तिशीच्या आंतले गृहस्थ. त्यांस डॉक्टरांचें म्हणणें पटेना. कारण तें पाणी थंड, चवदार व नांवाजलेलें होतें, आणि तें पिऊनहि बरे झालेले लोक त्यांच्या पाहण्यांत होते. स्नो ह्यांचें मत खोडून काढावें म्हणूनच ते घरोघर फिरूं लागले. एकेका घरीं ते अनेक वेळां गेले. कोण पाणी प्यालें, कोण नाहीं, कोण मेलें, कोण वांचलें, सर्व लिहून घेतलें. हिशेब आपल्याविरुद्ध जात आहे असें दिसल्यावरहि त्यांनीं लिहिणें थांबविलें नाहीं. शेवटीं पंपाजवळच्या ४० नंबरच्या घरांत साथीपूर्वीं आजारी पडलेल्या पांच महिन्यांच्या मुलीची नोंद त्यांनाच सांपडली. तिचे लंगोट धुतलेलें पाणी आईनें घरासमोरच्या मैलाकुंडींत टाकिलें होतें. कुंडीच्या विटा ढासळल्या होत्या, आणि विहीर तेथून अवघी तीन फूट. पटकीचा जंतु कॉख ह्यांनीं कलकत्त्याच्या एका तलावांत दाखविला तो १८८४ सालीं, म्हणजे ह्यानंतर तीस वर्षांनीं. व्हाइटहेड ह्यांजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें, वैद्यकाचें शिक्षणहि नव्हतें. घरोघरीं त्यांची ओळख होती, व लोक त्यांना दार उघडीत. त्या आईस कोणीं अपराधी मानावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पण तिच्या दाराशीं गेल्यावांचून विहीर कां नासली हें कळलें नसतें.

आतां स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. तरुण असतां आम्हीं एका गांवीं विहिरींत टीसीएल पावडर टाकण्याचें काम हौसेनें अंगावर घेतलें होतें. पावडर बादलींत कालवावी, निवळी विहिरींत सोडावी, अर्ध्या तासानें पाणी नळींत घेऊन औषधाचे थेंब टाकावे, आणि पिवळा रंग आला कीं नाहीं तें लिहावें. एकदां परगांवीं लग्नास आठ दिवस गेलों. परत आल्यावर त्या आठहि रकान्यांत सरसकट 'पिवळा' असें लिहिलें. फुकटचें काम, कोण विचारतो? पुढें शेजारच्या वाडींत हगवणीची साथ आली. आरोग्य खात्याचा मनुष्य आमची वही चाळून म्हणाला, "ही विहीर सोडून द्या, येथें रोज पिवळा आहे," आणि दुसरीकडे गेला. आम्ही उभे होतों, बोललों नाहीं. साथ आमच्या विहिरीची नव्हती असें नंतर ठरलें. पण तें आमच्यामुळें नव्हे. ते आठ रकाने खोटे होते एवढेंच नव्हे. वहींतले बाकीचे शंभर खरे रकानेहि त्यांनीं निकामी केले, कारण वाचणाऱ्यास कोणता खरा व कोणता खोटा हें कळण्यास मार्ग नव्हता. पगारी नोकरानें खोटें लिहिलें तर त्याच्यावर साहेब असतो. हौसेनें काम करणाऱ्यावर कोणीच नसतो.

तेव्हां बंधूंस आमचें सांगणें असें आहे. जें दिसलें तें लिहावें, आणि दोन्ही महिन्यांचें लिहावें. परंतु एकाच जागेचें लिहिणें हेंहि पुरें सत्य नव्हे. ह्यापुढें एकाच सकाळीं तीन ठिकाणीं जाळी लावावी: गांवाच्या वर, गांव व वस्ती ह्यांच्या मध्यें, आणि वस्तीच्या खालीं. म्हणजे गांवची घाण वस्तीच्या माथीं बसणार नाहीं, आणि वस्तीची गांवच्या माथीं मारितां येणार नाहीं. बिघाड दिसल्यास कांठानें वर चालत जावें. शौचालयाचा खड्डा ओढ्याकडे फुटला आहे काय, पंप कोण धुतें, मेलेलें जनावर पडलें आहे काय, हें पाहावें. कोणाचें नांव वहींत लिहूं नये. त्याच्या घरीं जाऊन बसावें व चहा झाल्यावर गोष्ट काढावी. कोप्या पडल्या असल्यास त्यांतील मुकादमास भेटून पाणी उकळून प्यावें किंवा गांवच्या नळावरून न्यावें असें त्याच आठवड्यांत सांगावें. नळावर कोणी हरकत घेतली तर सरपंचाकडे बंधूंनीं स्वतः जावें. ज्या महिन्यांत जाणें होणार नाहीं त्या महिन्याचें पान कोरें ठेवावें.

आणि पुढच्या शनिवारीं त्या वडिलांपैकीं जे सर्वांत नाराज असतील त्यांच्या हातीं जाळी द्यावी. दगड कसा उलटावा हें त्यांस कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. लहानपणीं त्यांनीं ह्याच ओढ्यांत खेंकडे धरिले असतील. ताट मात्र पांढरें असावें. स्टीलच्या ताटांत बारीक किडे दिसत नाहींत.